पाच मीटरची लीश आणि मिरीचं नाक

कुत्र्याला रानात नेणाऱ्यांनी आधी कुठली वस्तू घ्यावी असं कुणी विचारलं, तर मी पाच मीटरची लीश, म्हणजे कुत्र्याचा लांब पट्टा सांगेन. पायमोजे, घडीची पाण्याची वाटी, पावसाळी जॅकेट हे सगळं नंतर. नेहमीचा हातभर पट्टा रस्त्यावर ठीक आहे, रानात तो कुत्र्यालाही जाचतो आणि आपल्यालाही. आणि कुत्र्याला सुटं सोडणं तर रानात अजिबात नको. त्याची कारणं पुढे सविस्तर लिहिते आहे.

माझ्याकडची लीश १३ मिलिमीटर रुंद आहे, भडक नारिंगी रंगाची. आत पॉलिएस्टरची घट्ट विणलेली पट्टी आणि तिच्यावर प्लास्टिकचं आवरण. दुकानात ‘बायोथेन’ म्हणून मागितलं की हीच दाखवतात. ते नाव मूळचं एका अमेरिकन कंपनीच्या मालाचं आहे, पण त्याच धर्तीची पट्टी आणून हव्या त्या मापाची कापून, रिव्हेट मारून, हुक लावून देणारे कारागीर आता आपल्याकडेही आहेत. माझी तशीच करून घेतलेली आहे. हजार-बाराशे रुपये पडले. गेले काही पावसाळे आणि त्यामधले उन्हाळे ती रोजच्या वापरात आहे. रंग थोडा उतरलाय, पट्टी कुठे उसवली नाही, चिरली नाही.

मी रायगडमधल्या कर्जतला राहते. मिरी ही आमची गावठी कुत्री. काळीभोर, छातीवर पांढरा ठिपका, वजन सोळा किलो. रविवारी सकाळी आम्ही दोघी कोंदिवड्याच्या बाजूला नाहीतर खांडसच्या रस्त्याला लागून जी मोकळी रानं आहेत तिकडे जातो. या डोंगरांत मी लहानपणापासून फिरते आहे. झाडं ओळखता येतात, पक्षी आवाजावरून कळतात. पण माझं सगळं बघणं उभ्यानं, पाच फुटांवरून. मिरी जमिनीपासून चार बोटांवर नाक ठेवून चालते. आखूड पट्ट्यावर असताना मी चालेन तशी ती चालायची आणि वाटेतलं सगळं तसंच मागे पडायचं. पाच मीटर मिळाल्यावर ती वाटेच्या कडेला जायला लागली, थांबायला लागली. ती थांबली की मीही थांबते, आणि ती कशापाशी थांबली ते जाऊन बघते. या रानात मला आजवर जे नवं दिसलं, त्यातलं बरंचसं असं थांबून दिसलेलं आहे.

शेवळाचं उदाहरण घ्या. मे संपता संपता, वळवाच्या दोन सरी झाल्या की आमच्या बाजारात ठाकर बायका शेवळाच्या जुड्या घेऊन बसतात. भाजी लहानपणापासून खाल्लेली. कोवळं कोंब सोलायचं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, काकडं ही आंबट रानफळं घालायची नाहीतर चिंचेचा कोळ, म्हणजे घशाला खाजत नाही. एवढं आमच्याकडे प्रत्येक घरात माहीत असतं. पण ते रानात उमललेलं कसं दिसतं ते मी कधी बघितलं नव्हतं, कारण बाजारात येतं ते उमलायच्या आधीचं. एका सकाळी मिरी वाटेपासून चांगली चार मीटर आत, ऐनाच्या झाडाखाली जाऊन खिळून उभी राहिली. मान पुढे, एक पाय वर. मला वाटलं काहीतरी मेलेलं असणार, कारण वासही तसाच येत होता. जवळ गेले तर सुक्या पाल्यातून सरळ वर आलेला गुडघाभर दांडा, त्याच्यावर उलगडलेलं फुलाचं जांभळट आवरण आणि मधून वर निघालेला गडद सोटा. पान नाही, फांदी नाही, नुसतं फूल जमिनीतून उभं. पानं नंतर येतात, पाऊस लागल्यावर. तो कुजका वास त्या फुलाचाच. मासे-मटणाच्या वासाला भुलणारे किडे त्याच्याकडे येतात आणि त्यांच्याकडून ते आपलं परागीभवन करून घेतं. मी वाकून सोट्याच्या बुडाशी पाहिलं तर बारके काळे भुंगेरे आत-बाहेर करत होते.

तेवढ्यात वाडीतल्या एक मावशी डोक्यावर फाटी घेऊन वरून उतरत होत्या. थांबल्या, मिरीकडे बघितलं आणि म्हणाल्या, “बाय, हिला आवर हां. कच्चं चावलं तर त्वांड सुजंल.” खरं आहे ते. सुरणाच्याच जातीचं हे झाड, त्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे बारीक कण असतात, तेच खाजतात. मी लीश हातात गोळा करत मिरीला मागे घेतलं. सुटी असती तर तिनं नक्की तोंड घातलं असतं. मग मावशींनी फाटी खाली ठेवून मला अजून न उमललेले तीन कोंब दाखवले, माझ्या पायापासून हातभर अंतरावर. मला एकही दिसला नव्हता. त्यातले त्यांनी दोन घेतले आणि एक तसाच ठेवला. पुढच्या वर्षी इथंच येतं म्हणाल्या.

आता वस्तूबद्दल. आधी माझ्याकडे सुती दोर होता. तो हाताला बरा वाटतो पण पावसात पाणी पिऊन दुप्पट जड होतो, आणि पावसाळा संपला की त्यात कुसळं अशी रुतून बसतात की काढता काढता संध्याकाळ होते. नायलॉनचा पातळ पट्टा कुत्र्यानं अचानक ओढ घेतली की तळहात सोलतो. आत गुंडाळला जाणारा डबीवाला पट्टा शहरातल्या बागेत लोक वापरतात. रानात तो मला धोक्याचा वाटतो: दोरी पातळ, झुडपाला अडकली की कापते, आणि ऐन वेळी लॉक बसलंच नाही तर कुत्रं गेलं. या आवरणाच्या पट्टीत यातलं काही होत नाही. पाणी शोषत नाही, कुसळं चिकटत नाहीत, चिखल नळाखाली एका मिनिटात निघतो. वास धरत नाही, ही तर पावसाळ्यात मोठीच गोष्ट. नवी असताना प्लास्टिकचा वास येतो, तो आठवडाभरात जातो.

पाचच मीटर का, तर दहाची आमच्या रानात चालत नाही. कारवीच्या दाटीत दहा मीटर पट्टी प्रत्येक बुंध्याला वळसा घालते आणि कुत्रं कुठल्या बाजूला आहे तेही कळत नाही. माळरानावर, सड्यावर दहा चालेल. तीन मीटर कमी पडतात, कारण तेवढ्यात कुत्रं वाटेच्या कडेपर्यंतच पोचतं. पाचमध्ये ते झाडाच्या पलीकडे जाऊन बघू शकतं आणि तरी आपल्या नजरेत राहतं. मी पट्टीवर मधोमध, अडीच मीटरवर, काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली आहे. हाताला टेप लागली की न बघता कळतं किती सोडली आहे.

उदमांजराची जागा मला अशीच कळली. ओढ्यावरून आडवा पडलेला एक खोड आहे, शेवाळलेला. मिरी दर वेळी त्याच्यावर पुढचे पाय ठेवून हुंगते. तिथे काळ्या-तपकिरी बियांचे ढीग असतात, एका बाजूनं सपाट, एका बाजूनं फुगीर. नुसत्या बिया, गर सगळा गेलेला. बरेच दिवस मला त्या कुणीतरी वेचून ठेवल्यासारख्या वाटत होत्या. मग वर बघितलं तर जवळपास कुठेच त्या बियांचं झाड नाही. भेरली माडाच्या बिया त्या. माड सापडला तो पार ओढ्याच्या वरच्या अंगाला, लांबलचक घोस लोंबत असलेला. रात्री उदमांजर त्याची फळं खातं आणि खाली येऊन याच खोडावर विष्ठा करतं. उंच, उघड्या जागी विष्ठा करायची त्याची सवयच आहे: खोड, दगड, कौलारू घराचं छप्पर. या फळाचा गर आपल्या त्वचेला लागला तर आग होते, उदमांजराला मात्र काही होत नाही. आता त्या खोडाच्या दोन्ही बाजूंना भेरली माडाची रोपं आली आहेत, वीतभर उंचीची, माशाच्या शेपटीसारख्या पानांची. तिथून जाताना मी मिरीला हुंगू देते पण खोडावर चढू देत नाही.

सुटं सोडू नका असं मी सुरुवातीलाच म्हटलं, ते का म्हटलं हे रातव्याच्या गोष्टीवरून कळेल. एप्रिलमधली गोष्ट. सागाचा पाला सगळीकडे पसरलेला, पायाखाली पापडासारखा मोडणारा. मिरी पुढे लीश ताणून चालली होती आणि अचानक तिच्या तोंडासमोरून, अक्षरशः एका हातावरून, पाल्याचा एक तुकडा उडाला. उडाला म्हणजे चार-पाच हात जाऊन खाली पडला आणि पंख मोडल्यासारखा फडफडायला लागला. मिरी त्याच्यावर झेपावली. मी पट्टी दोन्ही हातांनी धरली, ती ताणली गेली आणि मिरी जागच्या जागी थांबली. मग मी तिला हळूहळू, एकेक हात पट्टी आत घेत, मागे ओढलं. पक्षी रातवा होता. कुत्र्याला, माणसाला लांब न्यायला तो असं जखमी झाल्याचं सोंग करतो. म्हणजे अंडी जवळपासच. मी पाय उचलायच्या आधी समोरची जमीन तुकड्या-तुकड्यानं बघितली आणि दिसली. दोन अंडी, घरटं असं काही नाहीच, उघड्या पाल्यावर ठेवलेली. मातकट गुलाबीसर, त्यावर गडद डाग. मिरी जिथे थांबली होती तिथून पुढच्या पावलावर.

आम्ही आल्या वाटेनंच मागे गेलो. लांबून दुर्बिणीतून बघितलं. थोड्या वेळानं रातवा परत आला, अंड्यांवर बसला आणि पुन्हा दिसेनासा झाला. मला तो कुठे आहे हे माहीत असूनही दिसत नव्हता. पाठीवरची नक्षी थेट वाळक्या पानाची, डोळा मिटून फक्त एक फट. बसल्या जागी हलायचं नाही, एवढ्याच भरवशावर तो पक्षी दिवस काढतो. त्या दिवशी मिरी सुटी असती तर अंडी गेली असती, आणि मला ते कळलंही नसतं. जमिनीवर अंडी घालणारे आमच्याकडे बरेच आहेत. टिटवी, लावे, रानकोंबड्या. मार्च ते जून मी लीश टेपच्या पुढे सोडतच नाही, आणि रातव्याची ती वाट त्या महिन्यांत आम्ही पूर्ण बंद ठेवतो.

याच कारणासाठी, अभयारण्यात कुत्रं नेऊ नका. लीशवर असलं तरी नाही. खांडसच्या वरचा भाग भीमाशंकर अभयारण्यात येतो. शेकरूसाठी १९८५ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य आहे. गणेश घाटानं वर जाणारे काही ट्रेकर गावातली कुत्री बिस्किटं घालत बरोबर नेतात, ते मला बघवत नाही. कुत्र्याचा नुसता वासही भेकराला पळवून लावायला पुरतो. शिवाय रोग. गीरमध्ये २०१८ साली सिंह मेले तेव्हा त्यांच्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता, आणि हा रोग मुळात कुत्र्यांमध्ये सर्रास आढळणारा. मिरीच्या रेबीज, डिस्टेंपर आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) लसी मी एक दिवसही पुढे ढकलत नाही. लेप्टो तर पावसाच्या साचलेल्या पाण्यातून तिलाही होऊ शकतो आणि मलाही.

भेकराचा मात्र एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. पेठ गावाच्या खालच्या बाजूला, धुक्यात, दरीतून कुत्रं भुंकल्यासारखा आवाज आला. एकच भुंकणं, थांबून पुन्हा एक. मिरीनं उत्तर दिलं. पलीकडून पुन्हा आवाज. तिसऱ्यांदा मिरी गप्प झाली, मान वाकडी करून ऐकत राहिली, आणि मग माझ्या पायाला येऊन टेकली. भेकराचं ओरडणं कुत्र्यासारखं असतं हे मला ठाऊक होतं. भेकर बिबट्याच्या चाहुलीनंही असं ओरडतं. आम्ही तिथूनच माघारी फिरलो. पहाटे उजाडायच्या आधी आणि दिवस कलल्यावर रानात कुत्रं घेऊन थांबू नये, आमच्याकडे बिबटे आहेत.

लीशचे दोष सांगायलाच हवेत. ओली झाली की ही पट्टी निसरडी होते. कोरडी असताना जी पकड असते ती मुसळधार पावसात अर्धी राहते. चकचकीत आवरणापेक्षा मॅट आवरणाची पट्टी घ्या, तिला जरा बरी पकड आहे. मी पावसात बागकामाचे रबरी ठिपक्यांचे हातमोजे घालते, त्यानं प्रश्न सुटतो. हाताला वेढे मात्र कधीच मारू नका, सोळा किलोचं कुत्रंही धावत सुटलं तर बोट मोडू शकतं. दुसरा दोष हुकचा. एका ठिकाणाहून आधी घेतलेल्या लीशचा हुक एकाच पावसाळ्यात गंजून अडकला आणि बदलून द्यायला विक्रेत्यानं साफ नकार दिला. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचाच हुक सांगून घ्या. आणि टोकाला हाताची मूठ, म्हणजे तो फास, नको. मोकळं टोक झुडपातून सरळ निघून येतं, फास अडकतो.

सर्वांत महत्त्वाचं, लांब लीश गळपट्ट्याला कधीच लावायची नाही. पाच मीटर धावून बसलेला हिसका मानेवर आला तर इजा होते. छातीवरून जाणारा इंग्रजी Y अक्षराच्या आकाराचा हार्नेस घ्या आणि पाठीवरच्या कडीत हुक लावा.

सापांच्या बाबतीत लांबी उलटी पडते. पुढे पाच मीटरवर कुत्रं कशात तोंड घालतंय ते आपल्याला दिसत नाही. गवत गुडघ्यापर्यंत आलं, दगडांचा ढीग आला, जुन्या बांधाची पडकी ताल आली की पट्टी गोळा करून मिरीला पायाशी घ्यायची, हा आमचा नियम. एकदा अशाच बांधापाशी, पट्टी आखूड असतानाच, खरखर असा कोरडा आवाज आला. फुरसं. वेटोळी एकमेकांवर घासत बसलं होतं, हाताएवढं, दगडाच्याच रंगाचं. अंगावरच्या करवतीसारख्या खवल्यांचा तो आवाज. मिरीचे कान त्याच्याकडे लागले होते आणि तिचं नाक त्याच्यापासून मीटरभर मागे होतं, कारण पट्टी तेवढीच होती.

पहिल्या पावसाबद्दल लिहायचं राहिलं असतं. मृगाचा जोरदार पाऊस होऊन गेला की ओढ्यांचं पाणी शेतांत शिरतं आणि मासे उलट्या दिशेनं वर चढतात, अंडी घालायला. आमच्याकडे याला वलगण म्हणतात आणि त्या रात्री माणसं बॅटऱ्या, जाळी घेऊन शेतात असतात. मला वाटायचं वलगण म्हणजे शेतातली गोष्ट. मिरीनं मला ती रानात दाखवली. बैलगाडीच्या जुन्या वाटेवर, दोन्ही बाजूंना झाडी, चाकोरीतून टाचभर पाणी वाहत होतं. मिरी त्यात उभी राहून खाली टक लावून बघत होती, शेपटी अगदी स्थिर. पाण्यात बोटाएवढे मासे, पाठी अर्ध्या उघड्या, चाकोरीतून डोंगराकडे चालले होते. जिथे पाणी दगडावरून घसरत होतं तिथे उड्या मारत होते, पडत होते, पुन्हा मारत होते. एक मासा मिरीच्या पंजावर येऊन पडला. तिनं पंजा उचलला, तो पाण्यात गेला आणि पुढच्या उडीत दगडापलीकडे पोचला. त्या वाटेवर मी चिखल चुकवायला नेहमी वरच्या कडेनं चालत आले आहे, त्यामुळे चाकोरीत कधी बघितलंच नव्हतं.

पावसातच, बांबूच्या बेटात, मिरीनं पांढरी जाळीची अळंबी शोधून दिली. टोपी शेवाळी रंगाची, चिकट, दुर्गंधी येणारी, आणि तिच्याखाली जमिनीपर्यंत उतरलेली नाजूक विणलेली जाळी. त्या चिकट्यावर माश्या बसतात आणि बीजाणू पसरवतात. सकाळी ताठ उभी होती, दुपारी परतताना आडवी झालेली होती.

घरी आल्यावर पट्टी नळाखाली धरायची, सावलीत टांगायची, की दुसऱ्या दिवशी तयार. त्याच वेळी मिरीच्या पायांच्या बोटांमध्ये, कानांत आणि काखेत गोचीड तपासायची. हे लीशपेक्षाही जास्त महत्त्वाचं, कारण गोचीडतापानं कुत्री दगावतात.

मागवणार असाल तर हे सांगून मागवा: मॅट पट्टी, पाच मीटर, पितळी हुक, टोक मोकळं, रंग नारिंगी किंवा पिवळा. हिरवी घेऊ नका, पाल्यात हातातून सुटली तर सापडत नाही. वीस किलोच्या आतल्या कुत्र्याला १३ मिलिमीटर पुरते. भावाच्या लॅब्राडॉरसाठी मी १९ मिलिमीटरची सांगितली आहे. ती जड आहे, पण तो ओढतोही तसाच.